चौथ्या परिच्छेदातला खांदा

लक्ष्मीनगर, नागपूर

प्रिय मुली,

दादाच्या समकालीन नृत्याच्या प्रयोगावरचा तुझा मजकूर दोनदा वाचला. सहाशे शब्दांत 'अप्रतिम' तीनदा, 'विलोभनीय' दोनदा, 'मंत्रमुग्ध' एकदा. आणि तुझ्या दादानं रंगमंचावर नेमकं काय केलं हे सांगणारं वाक्य एकच, तेही चौथ्या परिच्छेदात दडलेलं : 'मग त्याने नुसता डावा खांदा खाली सोडला आणि बराच वेळ तसाच राहिला.' तिथे मी थांबले. बाकीचं कुणाच्याही नाचाला चाललं असतं.

सख्ख्या भावाच्या कामावर लिहावं का, असं विचारतेस. माझा मुलगाही नृत्यरचना करतो म्हणून मलाच विचारलंस, ते कळलं. तर आधी माझी फजिती ऐक.

त्याच्या पहिल्या मोठ्या प्रयोगाआधी त्याचा उजवा गुडघा दोन महिने दुखत होता. रोज रात्री मी बर्फानं शेकून द्यायची. प्रयोगात मी तो गुडघाच बघत बसले. तो उकिडवा बसला की माझा श्वास अडकायचा, उठला की सुटायचा. घरी येऊन रात्रीतून लिहून काढलं, जिद्द काय, वेदना काय, आणि रविवारच्या पुरवणीत ते छापूनही आलं. मी त्याची आई आहे हे कुठेच लिहिलं नव्हतं. आडनाव एकच, नागपुरात काय झाकून राहतं? फोन आले, पण कौतुकाचे नव्हते. मुलगा एवढंच म्हणाला, "आई, तू माझ्या गुडघ्यावर लिहिलंस. स्टेजवर अजून चार जण होते गं."

पुढच्या प्रयोगाला तिकीट काढून मागे बसले. तेव्हा ते चौघं दिसले. हा उकिडवा बसतो तेव्हा ते चौघंही त्याच्या बाजूला कलतात, कुणी त्याला हात लावत नाही. मग हा उठून निघून जातो, आणि ते मात्र सरळ होत नाहीत. रिकाम्या जागेकडे कललेलेच राहतात. अख्ख्या रचनेचा जीव त्या कलण्यात होता, आणि मी दोन महिने बर्फ शेकूनही तो मला दिसला नव्हता.

जागेचं सांगते. पहिल्या रांगेत बसू नकोस, फुकट पास असला तरी. आपल्याकडच्या सभागृहांचे मंच उंच असतात, पुढून पावलं कापली जातात. आणि या नाचाचा अर्धा कारभार जमिनीवर, लोळण्या-सरपटण्यात चालतो. आठवी-दहावी रांग बरी. वही घे, पण खाली न बघता मोठ्या अक्षरात एका पानावर एकच शब्द लिही. मोबाइलचा उजेड पाडलास तर मागच्याची शिवी पडेल, आणि ती बरोबरच असेल.

'याचा अर्थ काय?' हे मध्यंतरात विचारणारे काका तुला दर वेळी भेटतील. त्यांच्यावर हसू नकोस. कथक, भरतनाट्यम बघत वाढलेल्याला पद कळतं, अभिनय कळतो, तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तोच बोल, समेवर आली की मान आपोआप हलते. इथे ती मान कुठे हलवायची तेच कळत नाही. चंद्रलेखांचं नाव तू ऐकलं असशील. १९२८ साली आपल्याच महाराष्ट्रात, वाड्याला जन्मल्या. पक्क्या भरतनाट्यमच्या, पण मध्ये बरीच वर्षं मंचापासून दूर राहिल्या आणि १९८५ साली 'अंगिका' ही रचना घेऊन आल्या. त्यात भरतनाट्यमच्या शेजारी योग आणि केरळची युद्धकला कळरीपयट्टू उभे केले. देवादिकांच्या गोष्टी बाजूला ठेवून कणा, श्वास, बैठक यांनाच विषय केलं. तेव्हा त्या काकांना सांग की गोष्ट शोधू नका, वजन कुठून कुठे जातंय ते बघा.

'संगीताशी मेळ नव्हता' हे तुझं वाक्यही जपून वापर. अमेरिकेतले नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज नाच आणि संगीत मुद्दाम वेगवेगळं तयार करायचे. दोन्ही एकाच वेळी, एकाच मंचावर घडायचं, बस. दादाला काय हवं होतं ते मला माहीत नाही, तुलाही नसावं. पाय ठेक्याच्या आधी पडत होता की नंतर, एवढं लिही.

आता तो खांदा. नर्तक हलत नसेल तर लिहायचं काय? न्यूयॉर्कमध्ये १९५७ साली पॉल टेलर या नृत्यरचनाकारानं एक कार्यक्रम केला, त्यातल्या एका नाचात तो आणि त्याची जोडीदार जराही हलले नाहीत. 'डान्स ऑब्झर्व्हर' या नृत्याच्या नियतकालिकात समीक्षक लुई हॉर्स्टनं त्यावर कोरी जागा छापली, खाली फक्त आद्याक्षरं. किस्सा म्हणून झकास. समीक्षा म्हणून मला तो आळस वाटतो. न हलणाऱ्या माणसाचंही वजन कुठल्यातरी पायावर असतं, पोट आत-बाहेर होत असतं, नजर कुठेतरी असते. दादाचा खांदा खाली होता तेव्हा बोटं सैल होती की आवळलेली? मान कुठे होती? हे तू लिहिलंच नाहीस.

आणि लिहायला शब्द आहेत आपल्याकडे. कलंडणे, ओणवणे, झोकांडी जाणे, फतकल मारणे, ठेचकाळणे, हेलकावणे. 'थिरकली' लिहून मोकळं व्हायची काही गरज नाही. सराव करायचा तर कळमन्याच्या बाजारात जा, पाठीवर पोतं घेणाऱ्या हमालाची पहिली तीन पावलं लिहून आण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत गर्दीचा रेटा आला की शंभर माणसं एकदम कशी मागे सरतात तेही बघ. या नुसत्या बघण्याला तिकीट लागत नाही.

नात्याचं म्हणशील तर पहिल्याच ओळीत सांगून टाक : हा माझा भाऊ. मग परीक्षण लिहू नकोस, तालमीची नोंद लिही. तिथे तू रोज आहेस, मी नाही, कुठला समीक्षकही नाही. तीच हालचाल चाळीस वेळा कशी बदलली, कुठली का गळली, हे फक्त घरचं माणूस लिहू शकतं. मात्र त्याच्या दुखण्याखुपण्याबद्दल त्याला विचारल्याशिवाय एक अक्षर नको. मी विचारलं नव्हतं.

रविवारी दुपारी ये. कूलरमध्ये पाणी भरून ठेवते. चौथा परिच्छेद तेवढा घेऊन ये, बाकीचे घरीच राहू देत. आणि दादाला आत्ताच दाखवू नकोस. तो बिचारा 'छान आहे' म्हणेल.

तुझी,
काकू