रविवारचं मटण आणि कार्डाचं व्याज

वाचकांचे प्रश्न : घरखर्च, कर्ज, बचत

प्रश्न : आम्ही दोघं, वय २९ आणि २६. लग्नाला दोन वर्षं झाली, कोल्हापुरात फुलेवाडीत भाड्यानं राहतो. मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, हातात ३१,००० येतात. ही एका खाजगी ऑफिसात, तिला १६,०००. भाडं ८,५००. लाईटबिल, गॅस, मोबाईल मिळून २,६००. किराणा, दूध, भाजी ८,५००. पेट्रोल ३,२००. गावाकडं आई-वडिलांना ३,०००. लग्नावेळच्या पर्सनल लोनचा (१६ टक्के) हप्ता ६,४००, गाडीचा ३,४५०, मोबाईलचा २,१५० (पाच हप्ते राहिलेत). बारा जणांची चिठ्ठीची भिशी आहे, महिना २,००० ची. पाच महिने उरलेत आणि आमचा नंबर अजून लागलेला नाही. क्रेडिट कार्डावर ७२,००० थकलेत. दरमहा ३,६०० भरतो, तरी आकडा हलत नाही. मामांचे ३०,००० हातउसने आहेत. त्यांनी कधी मागितले नाहीत, पण आम्हीच त्यांच्या घरी जायचं टाळतो. मित्रमंडळी, बाहेर खाणं, फिरणं यावर आठ-नऊ हजार जातात. सगळं बंद करायचं का? मग माणसं तुटतील अशी भीती वाटते.

उत्तर : माणसं तोडू नका. तुमच्या घराला मित्रांपेक्षा कार्ड जास्त महाग पडतंय, आणि ते तुम्हाला दिसत नाही कारण व्याजाचं बिल हॉटेलच्या बिलासारखं टेबलावर येत नाही.

आधी तो न हलणारा आकडा उलगडू. कार्डाचं व्याज साधारण महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के असतं. ३.६ टक्के धरलं तर ७२,००० वर महिन्याचं व्याज २,५९२, त्यावर १८ टक्के जीएसटी ४६७, म्हणजे ३,०५९. तुम्ही भरलेल्या ३,६०० मधले मुद्दलात जातात फक्त ५४१. शिवाय ४५-५० दिवस बिनव्याजी ही सवलत मागची बाकी पूर्ण भरणाऱ्यालाच असते. बाकी थकलेली असेल तर आज स्वाइप केलेल्या जेवणावर आजपासूनच व्याज लागतं. आता तुमचा हिशोब मांडा. कार्ड आणि मौजमजा सोडून बाकीचा ठरलेला खर्च ३९,८०० आहे, उरतात ७,२००. त्यातून कार्डाला ३,६०० गेले की हातात ३,६००, आणि बाहेरचा खर्च आठ-नऊ हजार. वरचे पाच हजार कार्डावरच जातात. मुद्दल ५४१ नं उतरतं आणि पाच हजारांनी चढतं.

म्हणून पहिलं काम आजच करा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे ऑनलाइन आणि दुकानातले व्यवहार बंद करा. जेवण मागवायच्या आणि खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेलं कार्ड काढून टाका. कार्ड कात्रीनं कापलं तरी ॲपमधलं कार्ड चालूच राहतं, बहुतेकांची गाडी इथंच घसरते.

मग भिशी. पाच चिठ्ठ्या राहिल्यात, त्यातली एक तुमची. चिठ्ठी काढायच्या आधी भिशी चालवणाऱ्याला गाठा आणि या महिन्याचा नंबर मागा. चिठ्ठी निघाल्यावर समोरच्याच्या मनात पैशांचा बेत झालेला असतो, तेव्हा मागणं अवघड जातं. कुणी अदलाबदलीसाठी पाचशे रुपये मागितले तरी द्या. २४,००० कार्डावर एक महिना जास्त राहिले तर जीएसटीसकट हजार रुपये व्याज होतं. भिशी हातात आली की त्याच दिवशी सगळी रक्कम कार्डात भरा. पुढचे २,००० चे हप्ते मात्र चुकवायचे नाहीत. भिशी विश्वासावर चालते, आणि नंबर आधी घेऊन हप्ता थकवणाऱ्याचं नाव पेठेत वर्षानुवर्षं निघतं.

उरलेले ४८,००० कार्डावरून उठवून सोनेतारण कर्जात न्या. सोनं तुमच्या मंडळींचं असेल तर निर्णयही त्यांचाच. त्यांचं मन नसेल तर हा रस्ता सोडा. बँकेत सोनेतारणाचा दर साधारण वर्षाला ९ ते ११ टक्के असतो. १०.५ टक्क्यांनी ४८,००० चा बारा महिन्यांचा हप्ता सुमारे ४,२३० बसतो आणि पूर्ण वर्षाचं व्याज २,८०० च्या आत येतं. कार्डावर तेवढं व्याज दीड महिन्यात गेलं असतं. तारण ठेवताना साज किंवा ठुशी नेऊ नका. साजाच्या पानांत आणि मण्यांत लाख असते, ठुशीत दोरा आणि गोंडा असतो. मूल्यांकन करणारा ते वजन वजा करतो आणि हातात अपेक्षेपेक्षा बरंच कमी कर्ज पडतं. पाटल्या, बांगड्या, साधी चेन न्या. बँकेत चार गोष्टी विचारून घ्या : वार्षिक दर किती, मूल्यांकनाचा आणि प्रोसेसिंगचा खर्च किती, मधेच थोडे पैसे भरता येतात का, आणि परतफेड दरमहा आहे की मुदत संपल्यावर एकदम. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एकदम फेडीच्या कर्जात वर्षभर काही भरावं लागत नाही, माणूस निवांत होतो, आणि मुदत संपल्यावर पैसे भरता आले नाहीत की लिलावाची नोटीस येते. दरमहा हप्ताच घ्या. ‘शंभराला दोन रुपये’ असं बोलणाऱ्याकडं जाऊ नका, ते वर्षाला २४ टक्के झाले.

कार्ड शून्यावर आणल्यावर पुढच्या महिन्यात चारपाचशे किंवा थोडं जास्त रकमेचं बिल येईल. ते चुकीचं नसतं. बिल बनल्याच्या तारखेपासून तुम्ही पैसे भरले त्या दिवसापर्यंतचं ते व्याज असतं. ‘आपण तर सगळं भरलंय’ म्हणून ते सोडलं की लेट फी लागते आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो. ते भरा, त्यापुढचं बिल शून्य आलं की कार्ड बंद करायचा अर्ज द्या. बाकी काही नसेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करणं रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बंधनकारक आहे. वसुलीवाल्यानं ‘निम्म्यात सेटल करू’ म्हटलं तर नको म्हणा. सिबिलवर तसा शेरा बसला की पुढं घरकर्जाला अडतं.

आता महिन्याचं गणित. ७,२०० मधून सोनेतारणाचे ४,२३० गेले, उरले २,९७०. शिरोलीला जायला त्याच शिफ्टचा जोडीदार शोधून एक दिवस त्याची गाडी, एक दिवस तुमची केलीत तर पेट्रोलचे ८०० तरी वाचतील. म्हणजे हाताशी ३,७७०. त्यातले १,००० मामांचे. पगार झाल्यावर पाच तारखेला न चुकता त्यांच्या खात्यावर टाका, आणि पहिला हप्ता द्यायला दोघं मिळून घरी जा. तीस महिने लागतील असं तोंडानं सांगा. मामा ‘राहू दे रे’ म्हणतील, तरी द्या. तुमचं जाणं बंद झालंय ते पैसे थकल्यामुळं नव्हे, कधी देणार हे न सांगितल्यामुळं. तारीख सांगितली की जिना चढता येतो.

राहिले २,७७०. यातले २,५०० मित्र, फिरणं आणि स्वतःसाठी ठेवा, शून्य करू नका. सगळं बंद करणारी जोडपी दोन महिने टिकतात आणि तिसऱ्या महिन्यात एका रात्रीत चार हजार घालवून येतात. ५०० तुमचे, ५०० मंडळींचे, ज्याचा हिशोब एकमेकांना द्यायचा नाही. उरलेले १,५०० दोघांचे मिळून. ते वेगळ्या खात्यात टाका आणि बाहेर पडल्यावर त्याच खात्याचा यूपीआय वापरा. पगाराच्या खात्यातून स्कॅन केलं की मर्यादा कागदावरच राहते.

१,५०० मध्ये कोल्हापुरात पुष्कळ होतं, फक्त एक सवय लावून घ्या : कुणी बोलवायची वाट बघू नका, आधी तुम्ही बोलवा. जो बोलवतो तो जागा आणि वेळ ठरवतो, आणि खर्च त्यावरच ठरतो. शनिवारी रात्रीच्या हॉटेलाऐवजी रविवारी सकाळी आठला मिसळ ठेवा. गप्पा तेवढ्याच होतात, दोघांचं दोनशेच्या आसपास भागतं आणि बिल फुगवणारं दुसरं काही टेबलावर येत नाही. संध्याकाळी रंकाळ्याला चक्कर, नाहीतर गंगावेशीत कट्ट्यावर समोर काढलेलं म्हशीचं दूध. मोसमात शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांची फुटबॉल मॅच असते, पेठेतला मित्र तिथं हक्कानं येतो. पन्हाळा वीस-बावीस किलोमीटर. सकाळी सहाला निघा, भाकरी आणि ठेचा घरचा न्या, लिटरभर पेट्रोलमध्ये जाऊन-येऊन होतं.

आणि मटण. ज्या शहरात २०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरावरून आंदोलन झालं, तिथं ‘मटण सोडा’ हा सल्ला आम्ही देणार नाही. चार जोडपी महिन्यातून एकदा, आळीपाळीनं एकेकाच्या घरी जमा. आठ माणसांना दीड किलो मटण पुरतं, त्यात नळी आणि चाप मागून घ्या, रश्श्याची चव हाडातून येते. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवा. हे अळणी पाणी किमान तीन लिटर निघायला हवं, कारण पांढरा आणि तांबडा, दोन्ही रस्से त्यावरच उभे राहतात. पांढऱ्याला एका मोठ्या नारळाचं दूध, वाटणात खसखस महाग पडते म्हणून पांढरे तीळ आणि मगज बी. बिघडतं ते नारळाचं दूध उकळल्यामुळं, ते फुटतं आणि रश्श्यावर चोथा तरंगतो. गॅस बारीक करून शेवटी घाला, वाफ आली की उतरवा. तांबड्याला घरची कांदा-लसूण चटणी, सुकं खोबरं आणि भाजलेल्या कांद्याचं वाटण. मटण किलोला सातशे-आठशेच्या घरात धरलं तरी सगळं मिळून सतराशेच्या आसपास जातं. जोडप्याला सव्वाचारशे. भाकरी एकानं आणायची, दहीकांदा दुसऱ्यानं, भांडी सगळ्यांनी. तेच हॉटेलात जोडप्याला नऊशे-हजाराखाली जमत नाही.

मित्रांना काय सांगायचं, हाही प्रश्न असतोच. आजारपणाची, पाहुण्यांची कारणं देऊ नका. तिसऱ्यांदा ती कळतात आणि माणूस दुखावतो. सरळ म्हणा, “भावा, वर्षभर रात्रीचं हॉटेल बंद हाय आमचं, कार्ड फेडायचं चाललंय. रविवारी मिसळीला मात्र ये.” ग्रुपवर बेत ठरतानाच ‘टीटीएमएम’ (तुझं तू, माझं मी) लिहा, बिल आल्यावर नव्हे. बऱ्याचदा ग्रुपमधल्या आणखी दोघांना हेच हवं असतं.

पाच महिन्यांनी मोबाईलचा हप्ता आणि भिशी संपते, ४,१५० मोकळे होतात. पहिले चार महिने ते साठवून साडेसोळा हजार गाठीशी ठेवा. मधे दवाखाना निघाला तर कार्ड पुन्हा चालू करायची पाळी येऊ नये म्हणून. दिवाळीला बोनस मिळत असेल तर निम्मा यातच टाका. त्यानंतर ४,१५० पर्सनल लोनकडं वळवा, पण आधी मुदतपूर्व फेडीचा आकार विचारा. काही ठिकाणी तो दोन ते पाच टक्के असतो, आणि ठराविक हप्ते झाल्याशिवाय जादा भरणा घेत नाहीत.

प्रश्न : ओळखीचे एकजण म्हणतात, “सगळी कर्जं मिटवून टाक, मी १० टक्क्यांनी एक लाख मिळवून देतो, तीन वर्षांत फेड.” आमचं जुनं कर्ज १५ टक्क्यांचं आहे. घ्यावं का?

उत्तर : दर ‘फ्लॅट’ आहे का विचारा. फ्लॅट म्हणजे तुम्ही फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत मूळ लाखावरच. लाखावर तीन वर्षांचं व्याज ३०,०००, हप्ता ३,६११. घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडून उरलेल्या रकमेवरच मोजलं तर हा दर जवळजवळ १८ टक्के होतो, म्हणजे तुमच्या जुन्या कर्जापेक्षा महाग. कुठलंही कर्ज तोलताना टक्का बाजूला ठेवा. हप्ता गुणिले महिने, त्यातून हातात पडलेली रक्कम वजा, हे गणित करा. हातात पडलेली म्हणजे प्रोसेसिंग आणि विमा कापून खात्यावर आलेली.

प्रश्न : वैशाखात नऊ लग्नं आहेत. आहेर आणि कपडे यातच पगार जातो. कमी केलं तर नातेवाईक बोलतात.

उत्तर : नऊही लग्नं एका मापानं मोजू नका. सख्खं, जवळचं आणि ओळखीचं असे तीन गट करून प्रत्येकाची रक्कम यादी बघूनच ठरवा, मांडवात पाकीट भरताना नाही. सख्ख्या लग्नात भावंडांनी मिळून एकच वस्तू द्या आणि नवरीला विचारून द्या. सहा मिक्सर घरात येण्यापेक्षा एक चांगलं कपाट तिला उपयोगी पडतं. ओळखीच्या लग्नात १०१ किंवा २५१ चं पाकीट पुरतं. तिथं अक्षतेला वेळेवर पोचलात आणि पंगतीत वाढायला उभे राहिलात तर पाकीट कुणी उघडून बघत नाही.

साडी-ड्रेस प्रत्येक लग्नाला नवा घेतला जातो तो फोटोंमुळं. बहिणी-जावांत साड्या बदलून नेसा. ब्लाउज मात्र आपापला शिवून ठेवा, मापाचा ब्लाउज नसला की अदलाबदल तिथंच फिसकटते. पुढच्या वर्षासाठी यंदाच्या खर्चाची बेरीज करून बाराने भागा आणि तेवढ्याचं आवर्ती खातं आषाढातच उघडा.