पेढे साताऱ्याचेच

अरे, कालचं तुझं प्रूफ बघितलं. 'सातारा चे कंदी पेढे' असा बॉक्स छापून गेला असता, तर वाया गेलेल्या कागदाचा खर्च आपल्याच अंगावर पडला असता. चा-ची-चे नामाला चिकटूनच येतात. इंग्रजीत नामाच्या शेवटी वरच्या बाजूला टिंबशेपटी, म्हणजे अ‍ॅपॉस्ट्रॉफी, टांगून 'एस' लावतात. 'पाटील'स' हे तिथलं, आपल्याकडे नको. पण नुसतं चिकटवूनही भागत नाही, आधी शब्द वाकतो: साताऱ्याचे, पाटलांचा. त्यातला 'ऱ्या' नीट बघ, तिथं 'सूर्या'तला 'र्या' बसला की वाचणारा अडखळतो. सांगलीची हळद त्या मानानं सोपी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला मजकूर मात्र डोळे फाडून वाच. सुचवलेला शब्द निवडला की कीबोर्ड स्वतःच जागा सोडतो. 'दुकाना समोर', 'गणपती पेठे तील' हे सगळं तिथूनच येतं.