पॅकेज घेण्याआधी हिशेब मांडा

प्रश्न : मुलगी खानापूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कथा लिहिते, लेखनातच करिअर करायचं म्हणते. एका कंपनीने २८,००० रुपयांत पुस्तक काढून देतो, रॉयल्टी १०० टक्के, असं कळवलंय. पैसे भरू का?

उत्तर : ताई, आत्ता भरू नका.

मागणी येईल तशी प्रत छापायची, ही अशा कंपन्यांची प्रिंट ऑन डिमांडची पद्धत चांगलीच आहे. पुस्तकांचे गठ्ठे माळ्यावर धूळ खात पडत नाहीत. पण हिशेब बघा. समजा, पुस्तकाची किंमत २०० रुपये. त्यातले ८० छपाईला, ८० ऑनलाइन दुकानाच्या कमिशनला. उरले ४०, आणि १०० टक्के रॉयल्टी ती या चाळिसाची. म्हणजे तुमचे २८,००० सुटायला ७०० प्रती खपल्या पाहिजेत. नवख्या लेखिकेच्या कथासंग्रहाला हे फार जड आहे.

मग सगळी रॉयल्टी लेखकाला देऊन कंपनी चालते कशावर? तुमच्या पॅकेजवर. मुखपृष्ठ, मांडणी, मुद्रितशोधन, जाहिरात, सगळ्याचे पैसे आधीच घेतलेले असतात. वर लेखकाने स्वतः विकत घ्यायच्या प्रती. ८० रुपयांत छापलेली प्रत १३० ला दिली आणि प्रकाशन समारंभासाठी, पाहुण्यांना द्यायला तुम्ही शंभर घेतल्या, की त्यांना ५,००० सुटले. याला मी फसवणूक म्हणणार नाही. पण त्यांचं गिऱ्हाईक तुमची लेक आहे, वाचक नाही.

आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे लावले असतील तर आधी ते काढायला लावा. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो क्रमांक मोफत देते, लेखकाला स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. छापील किंमत कोण ठरवणार, लेखकाला प्रत कितीला मिळणार, हक्क किती वर्षं त्यांच्याकडे राहणार, हे लेखी घ्या.

तिचं लिखाण मात्र थांबवू नका. दिवाळी अंकांना कथा पाठवू दे. कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांना तिला घेऊन जा. आपल्या सीमाभागात लिहिणाऱ्याला ऐकणारी माणसं समोर भेटतात, हे भाग्य आहे. पोटापाण्यासाठी डीटीपी, म्हणजे संगणकावर पानांची मांडणी, आणि मुद्रितशोधन शिकू दे. शाळेत कन्नड झालं असेलच, ते पक्कं केलं तर कन्नड-मराठी अनुवादाचं काम तिला करता येईल. त्या २८,००० मधून आधी डीटीपीच्या क्लासची फी भरा.