सोमवार ते शनिवार देवाची स्तुती कशी करायची?

तुमचा प्रश्न असा आहे की रविवारी चर्चच्या उपासनेत गीतं चालू असताना मन भरून येतं पण सोमवार उजाडला की सगळं कोरडं, मग दिवसभर सारखं "हालेलुया", "प्रभूची स्तुती असो" म्हणत राहायचं का, की अजून काही करायचं असतं. मी पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू वगैरे नाही, नोकरी करणारा साधा विश्वासणारा आहे, तेव्हा जमतं तेवढंच सांगतो.

आधी तर रविवारचं ते भरून येणं आहे ना, त्यावरून बाकीचे दिवस मोजू नका. तिथे वाद्यं असतात, आजूबाजूला सगळे गात असतात, कुणालाही भरतं येईल. सोमवारी दूध उतू जातंय, मुलाचा एक मोजा सापडत नाहीये आणि ऑफिसचा फोन वाजतोय, तेव्हा तसं काही वाटणार नाही आणि वाटलं नाही म्हणून तुमची स्तुती खोटी ठरत नाही. बायबलमधलं स्तोत्र १०३ काढून बघा, तिथे दावीद राजा लोकांना नाही तर स्वतःच्याच जिवाला सांगतोय की धन्यवाद कर, त्याचे उपकार विसरू नको. म्हणजे दावीदालासुद्धा स्वतःला बजावावं लागत होतं! आणि बजावून झाल्यावर तो थांबत नाही, लगेच एकेक उपकार मोजायला लागतो, पापांची क्षमा केली, रोग बरे केले, असं.

मला वाटतं आपली गाडी इथेच अडते. आपण मोघम बोलतो. "देवा तू महान आहेस, तू चांगला आहेस", हे खरंच आहे, पण रोज तेच तेच बोलून तोंडाला सवय होते आणि मन भलतीकडेच असतं. बायकोला नुसतं "तू छान आहेस" म्हणून बघा, ती विचारेल काय हवंय, पण "काल मला ताप होता तेव्हा तू रात्री उठून उठून बघत होतीस" म्हटलं की तिला कळतं की याचं लक्ष होतं. स्तोत्र १०४ मला त्यासाठी फार आवडतं. त्यात रानगाढवं ओढ्यावर तहान भागवतात, करकोच्याचं झाडावरचं घर आहे, रात्री सिंहाची पिल्लं भक्ष्यासाठी गर्जतात, आणि त्याच यादीत मधेच माणूस सकाळी कामाला निघतो आणि संध्याकाळपर्यंत राबतो असंही येतं. म्हणजे तुमची ड्युटी पण स्तुतीच्या स्तोत्रात आहे, बाहेर नाही.

म्हणून मी रात्री आडवा झाल्यावर त्या दिवसातली एक गोष्ट नाव घेऊन देवाला सांगतो, मोठी असायला पाहिजे असं काही नाही. आज साहेब बोलला तेव्हा जीभ आवरली गेली ती तुझ्यामुळे. आईचा रिपोर्ट नॉर्मल आला. कधी कधी तर नुसतं पाठ दुखली नाही एवढंच असतं. हे सुरू केल्यापासून दिवसाही लक्ष जायला लागलं, की अरे हे रात्री सांगायला पाहिजे.

वेळ मिळत नाही म्हणाल तर बायबलमधला दानीएल बघा, सरकारी कारभारातला मोठा अधिकारी माणूस, तरी दिवसातून तीन वेळा गुडघे टेकून प्रार्थना आणि उपकारस्तुती करायचा, राजाचा मनाई हुकूम आल्यावरही. आणि १७व्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स म्हणून एक साधू होते, त्यांचं काम मठाच्या स्वयंपाकघरात, तर ते म्हणायचे की भांड्यांच्या खडखडाटातही मी देवाच्या सान्निध्यात असतो, प्रार्थनेच्या वेळी असतो तसाच. सगळ्यांना ते जमेल असं नाही पण निदान स्वयंपाकघर ही स्तुतीची जागा नाही असं तरी समजू नये.

आता अवघड भाग. काही दिवस असे असतात की स्तुती ओठावर येतच नाही, नोकरी जाते, घरात कुणी जातं. तेव्हा काही भाऊबहिणी येऊन सांगतात की रडू नका, स्तुती करा, आणि मला ते अजिबात पटत नाही, बायबल तर रडणाऱ्यांबरोबर रडा असं सांगतं. स्तोत्रसंहितेत, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकात, कितीतरी स्तोत्रं सरळ तक्रारीची आहेत. १३वं "कोठवर" असं विचारतच सुरू होतं आणि गाण्यापर्यंत पोचतं, पण ८८वं शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी तेही त्याच पुस्तकात आहे. देवाकडे तोंड करून रडणं हेसुद्धा त्याला देव मानणंच आहे. येशूचा संदेश सांगत फिरणारे पौल आणि सीला फिलिप्पै शहराच्या तुरुंगात फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री गीतं गात होते हे आपण नेहमी ऐकतो, पण तुरुंगाची दारं उघडणारा भूकंप नंतर झाला, गायला सुरुवात केली तेव्हा दारं बंदच होती, आणि शिवाय ते दोघं होते. एकट्याला जमत नसेल तर कुणाला तरी फोन लावा आणि म्हणा माझ्यासाठी एक स्तोत्र वाच.

आणि अजून एक, थोडं टोचेल. सकाळी स्टेटसला वचन टाकायचं आणि दुपारी कामवालीचा पगार कापायचा, असं चालत नाही. याकोब बायबलमधल्या आपल्या पत्रात लिहितो की ज्या जिभेने देवाचा धन्यवाद करतो तिनेच माणसांना शाप देतो, हे योग्य नाही. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात तर देव स्वतःच म्हणतो की तुमच्या गाण्यांचा गोंगाट बंद करा, आधी न्याय पाण्यासारखा वाहू द्या.

"हालेलुया" म्हणायचं की नाही, तर म्हणा की, मनापासून येत असेल तर कितीही वेळा म्हणा. आणि आवाज चांगला नाही म्हणून लाजत असाल तर स्तोत्र १००मध्ये जयजयकार करा असं म्हटलंय, सुरात करा असं काही लिहिलेलं नाही. मी भांडी घासताना मोठ्याने गातो, घरचे दार लावून घेतात.