बी.कॉम. करून ग्रंथपाल व्हायचंय?

प्रश्न: मी कोपरखैरण्याला राहते. बी.कॉम. नंतर एम.लिब. करते आहे. घरचे म्हणतात, आता सगळं मोबाइलवर मिळतं, ग्रंथपालाला कोण विचारतं? माझं कॉमर्स वाया गेलं का?

उत्तर: तुझं कॉमर्स हीच तुझी मोठी जमेची बाजू आहे. बीएमएसची (मॅनेजमेंटच्या पदवीची) मुलं प्रोजेक्टसाठी कुठल्या तरी वेबसाइटवरून बाजारपेठेचा आकडा उचलतात. तो कुणी काढला, कसा काढला, हे व्हायवात विचारलं की गप्प होतात. तिथे ताळेबंद वाचता येणारा ग्रंथपाल हवा असतो.

समज, वाशीच्या एपीएमसीतल्या कांद्याच्या भावावर प्रोजेक्ट आहे. आवक आणि दर राज्य पणन मंडळाच्या वेबसाइटवर मिळतात. पण २०२३-२४ मधले चढउतार नुसत्या दरांवरून उलगडणार नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. त्यासाठी सरकारी अधिसूचना आणि त्या दिवसांची वर्तमानपत्रं काढायला शिकवावं लागतं. एवढं वाचून मार्केटला गेलेला मुलगा व्यापाऱ्याला नेमकं विचारतो. विषय एखादी लिस्टेड कंपनी असेल तर वार्षिक अहवाल बीएसईच्या वेबसाइटवर फुकट आहेत. त्यातलं अध्यक्षांचं मनोगत बाजूला ठेवून हिशेबाखालच्या टिपा वाचायची सवय तू लावू शकतेस. महागडे डेटाबेस लहान कॉलेजला झेपत नाहीत. एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन योजनेतली जर्नल्स आणि ई-पुस्तकं मात्र परवडतात, आणि ती असूनही अनेकदा कुणी उघडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

काउंटरवर बसून मुलांची वाट पाहू नकोस. विषय वाटून झाल्यावर मूल आलं तर उशीर झालेला असतो. सत्र सुरू होण्याआधीच प्राध्यापकांना भेटायचं, एसवायच्या (दुसऱ्या वर्षाच्या) वर्गावर एक लेक्चर मागून घ्यायचं.

नोकरीचं स्पष्ट सांगते. कॉलेज ग्रंथपालासाठी यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि पीएचडी नसेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. अनुदानित कॉलेजांत कायम जागा क्वचित निघतात, त्यामुळे नवी मुंबईतल्या एमबीए संस्थांकडेही अर्ज कर. नेटच्या अभ्यासासोबत एका प्रोजेक्टसाठी दोन पानी माहितीपत्रक बनव: काय कुठे मिळतं, कसं तपासायचं. मुलाखतीला जाताना ते बरोबर ने.