मार्चच्या सुरुवातीला घरच्यांना घेऊन नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जावं का, की सीझन संपला?

तुम्ही लिहिलंय की मार्चच्या पहिल्या आठवड्यात नाशिकला बहिणीकडे येताय, सोबत सासू-सासरे आणि सात वर्षांची लेक, आणि कुणीतरी सांगितलं की पक्षी केव्हाच गेले, आता कशाला जाताय. माझं ऐकाल तर नक्की जा. परतीचा प्रवास सुरू झालेला असतो हे खरं, डिसेंबर-जानेवारीएवढी गर्दी नसते, पण थापट्या, तलवार बदक, चक्रवाक अशी बरीच पाहुणी बदकं अजून असतात, आणि जे इथलेच आहेत ते कुठे जाणारेत. वर पहाटेची कडाक्याची थंडी ओसरलेली असते, वयस्कर माणसांना तेच सोयीचं.

ही जागा मुळात गाळानं घडवलीय. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, वर्षानुवर्षं गाळ साठला, उथळ पाणी झालं, बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पक्ष्यांना आयतं घर मिळालं. 2020 मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून हीच जाहीर झाली. पण पाण्याची पातळी आवर्तनावर असते, वरून गंगापूर-दारणा धरणांचं पाणी सुटलं की चढते, कालव्यांना गेलं की उतरते, आणि उतरली की उघड्या चिखलावर शेकाटे, तुतवार असे चिखलात चरणारे पक्षी अगदी जवळ येतात. म्हणून आदल्या दिवशी तिथल्या एखाद्या गाइडला फोन करून पाणी किती आहे एवढं विचारून घ्याच.

चापडगावच्या बाजूने जा, मनोरे तिथे आहेत. उजाडता उजाडता पोचायला हवं, दहानंतर पाण्यावर उन्हाची झळ नाचायला लागते मग कितीही भारी दुर्बीण असली तरी सगळं थरथरतं. सासू-सासऱ्यांना मनोरा चढायचा आग्रह करू नका, दोन फोल्डिंगच्या खुर्च्या गाडीत टाका आणि काठावर सावलीत बसवा, बसल्या जागी पुष्कळ दिसतं. गाइड घ्या, टेलिस्कोप त्याच्याकडे असतो आणि गावातल्या पोराला चार पैसे मिळतात, ते मिळालेच पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

लेकीला लांबच्या ठिपक्यांच्या मागे लावू नका, मुलं कंटाळतात. तिला जांभळी पाणकोंबडी दाखवा, लाल चोच, लांब लाल पाय, पाणगवताचा कोंब पायाच्या बोटांत मुठीसारखा धरून चोचीकडे नेते आणि सोलून खाते, लेक हलणार नाही तिथून. थापट्यांचा घोळकाही तसाच, पसरट चोच पाण्यात घालून एकामागून एक गोल गोल फिरत राहतात, एकाने ढवळलेलं दुसरा गाळून खातो. आणि सगळी बदकं एकदम उठली तर आधी वर बघा, बहुतेक वेळा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आलेला असतो.

फक्त फ्लेमिंगोच बघायचे असतील तर मात्र इथला भरवसा धरू नका, त्यासाठी उजनी धरणाच्या पाण्याकाठचं भिगवण. आणि मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना जवळ बोलावायचं अजिबात करू नका, कुणी करत असेल तर थांबवा, प्रवासाला निघालेल्या आणि घरटी करायच्या तयारीतल्या पक्ष्यांना त्याचा फुकटचा त्रास होतो.

परतताना निफाडच्या बाजूने या, द्राक्षांचा सीझन ऐन भरात असतो.