महायुद्धात ख्रिस्ती झालेल्या सैनिकांच्या चरित्रांत खरं किती आणि प्रचार किती?

तुम्ही विचारलंय की दुसऱ्या महायुद्धातल्या अशा प्रत्येक चरित्रात शेवटाकडे एक साक्षात्कार येतो, त्यावर विश्वास कसा ठेवायचा आणि वाचायला सुरुवात कुठून करायची.

साक्षात्काराचं पान वाचा, पण माणूस त्यावरून जोखू नका. त्या रात्री काय झालं ते फक्त त्यालाच ठाऊक, आणि सभांमधून सांगून सांगून ते पान गुळगुळीत झालेलं असतं. मी ख्रिस्ती नाही. नागपूरच्या सदर भागातल्या एका मित्राकडे या पुस्तकांचं कपाट आहे, तिथून आणून वाचत आलोय. मी दोनच गोष्टी बघतो : पुढची वीस वर्षं त्या माणसाने काय केलं, आणि ते शेजारून कोणी पाहिलं.

या कसोटीवर जेकब डिशेझर सगळ्यांत भक्कम उतरतो. १८ एप्रिल १९४२ला अमेरिकेच्या १६ विमानांनी जपानवर पहिला हल्ला केला, त्यातल्या शेवटच्या विमानातला हा बाँब टाकणारा कॉर्पोरल. त्यांचं लक्ष्य होतं नागोया. इंधन संपल्यावर चीनमध्ये उडी मारली आणि जपान्यांच्या हाती सापडला. पकडलेल्या आठांपैकी तिघांना गोळ्या घातल्या, चौथा, मीडर, कोठडीत उपासमारीने गेला. डिशेझर ४० महिने कैदेत होता, त्यातले ३४ एकांतात. मीडरच्या मृत्यूनंतर पहारा थोडा सैल झाला आणि कैद्यांना काही पुस्तकं मिळाली. त्यात एक बायबल होतं. आधी सोबतच्या कैदी अधिकाऱ्यांनी वाचलं, मग १९४४च्या मे महिन्यात कॉर्पोरलची पाळी आली, तीही तीन आठवड्यांपुरती. अंधाऱ्या कोठडीत त्याने उतारेच्या उतारे पाठ करून घेतले.

इथवर गोष्ट नेहमीचीच. मला खरी वाटते ती पुढची. एका पहारेकऱ्याने त्याचा पाय दारात चेंगरला, वर बुटाने लाथा घातल्या. दुसऱ्या दिवशी डिशेझरने त्याला जपानीत नमस्कार केला. तिसऱ्या दिवशीही केला. पहारेकरी चक्रावला, मग बोलायला लागला, आणि एके दिवशी त्याने उकडलेलं रताळं आणून दिलं. कुठे प्रकाश पडला नाही, आवाज आला नाही, एक रताळं मिळालं. असली बारकी गोष्ट प्रचारासाठी कोणी रचत नाही असं माझं मत. १९४८च्या शेवटी हा माणूस मिशनरी होऊन जपानला परत गेला आणि १९५९मध्ये थेट नागोयात, ज्या शहरावर बाँब टाकले होते तिथेच, ख्रिस्ती मंडळी उभी करायला राहिला. जपानमध्ये त्याने एकूण तीसेक वर्षं काढली. एवढी वर्षं नाटक चालत नाही.

त्याच्या कैदेची हकिगत सांगणारं एक पत्रक टोकियोच्या शिबुया स्टेशनवर मित्सुओ फुचिदाच्या हाती पडलं. हा तोच फुचिदा, ज्याने पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याचं विमानांतून नेतृत्व केलं. तो १९५०मध्ये ख्रिस्ती झाला, डिशेझरला भेटला, पुढे अमेरिकेतही प्रवचनं देत फिरला. गोष्ट थरारक आहे, पण सावध राहा. जपान हरला त्या मिडवेच्या लढाईबद्दल त्याने लिहिलं की जपानी विमानं जहाजांच्या डेकवर सज्ज होती, पाच मिनिटं मिळाली असती तर उडाली असती. पुढे अभ्यासकांनी जपानी नोंदी तपासल्या तेव्हा हे टिकलं नाही. म्हणून त्याची श्रद्धा खोटी ठरते का? मला तसं वाटत नाही. मात्र त्याचे स्वतःचे प्रसंग दुसरीकडे पडताळल्याशिवाय मी कोणाला सांगत नाही.

लुई झँपेरिनीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमधला धावपटू, १९४३मध्ये विमान पॅसिफिकमध्ये कोसळलं, तराफ्यावर ४७ दिवस, नंतर जपान्यांच्या छळछावण्या. तराफ्यावर त्याने देवाला शब्द दिला होता आणि घरी आल्यावर तो साफ विसरला. दारू, रात्रीची भयानक स्वप्नं. बायको घटस्फोटाच्या तयारीत होती. १९४९मध्ये लॉस एंजेलिसला बिली ग्रॅहम या प्रवचनकाराच्या सभेच्या तंबूत आधी तीच गेली, आणि मग तिने त्याला ओढून नेलं. त्याची साक्ष कितीही वेळा ऐका, मला त्या बाईची साक्ष हवी असते. रात्री किंचाळून उठणाऱ्या माणसाच्या शेजारी तीच झोपत होती.

ब्रिटिश वैमानिक लिओनार्ड चेशायरबद्दल लोक एक ठरलेलं वाक्य बोलतात, की नागासाकीचा बाँब पाहून तो देवाकडे वळला. ९ ऑगस्ट १९४५ला तो ब्रिटिश निरीक्षक म्हणून विमानात होता हे खरं. पण कॅथलिक तो झाला १९४८च्या नाताळच्या आदल्या दिवशी, कॅन्सरने मरणाऱ्या एका माणसाची स्वतःच्या घरी शुश्रूषा केल्यानंतर. अपंगांसाठीची त्याची घरंही तिथूनच सुरू झाली.

आपल्या नागपूरकरांना धर्म बदलणं नवीन नाही. येवल्याची घोषणा १९३५ची, दीक्षाभूमीवरची दीक्षा १९५६ची. मध्ये एकवीस वर्षांचा विचार आहे. त्यामुळे एका संध्याकाळी तंबूत सगळं बदललं, असं वाचलं की इथला वाचक भुवई उंचावणारच, आणि त्याने ती उंचवावी.

शेजारच्या माणसाची साक्ष म्हणतो ती कशी असते, ते मराठीत आधीच लिहिलेलं आहे. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. ते साल १८९३, आणि १८९५मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. यात युद्ध नाही. पण त्यामागे घरात काय उलथापालथ झाली ती लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये सांगितली, तीही नवऱ्याचा मुलाहिजा न ठेवता आणि भरपूर हसत. सैनिकांच्या चरित्रांत अशी लक्ष्मीबाई सहसा सापडत नाही.

सुरुवात डिशेझरपासून करा, फुचिदा लगेच त्याच्या पाठोपाठ, म्हणजे दोघांच्या हकिगती एकमेकांशी ताडता येतील. झँपेरिनीवर २०१४ साली आलेला हॉलिवूडपट बघून पुस्तक टाळू नका. तो युद्ध संपताच थांबतो, तंबूचा भाग शेवटच्या पाट्यांवर उरकलाय. आणि इंग्रजी वाचनाचा कंटाळा असेल तर आधी ‘स्मृतिचित्रे’ घ्या, ती कुठल्याही चांगल्या मराठी ग्रंथालयात मिळतील.